शाळेची वाट कुणी लांब केली?

नोव्हेंबर-डिसेंबर आला की पुण्यात स्थायिक झालेल्या आपल्या गावच्या पोरांचे मला फोन सुरू होतात. पोरं म्हणजे आता पस्तिशी-चाळिशीतली माणसं. मी शिक्षणाच्या बातम्या करतो म्हणून मला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. विषय एकच, ॲडमिशन. परवा एकानं विचारलं, "दादा, घराजवळ अनुदानित शाळा आहे, सेमी-इंग्लिश, चालत दहा मिनिटं. दुसरी सीबीएसई, अकरा किलोमीटरवर. स्विमिंग पूल वगैरे आहे. कुठं घालू?" आणि मग थोडं थांबून, "दुसरीकडं घातलं तर गाडी घ्यावी लागंल बहुतेक. आत्तापर्यंत गाडीशिवाय भागवलंय."

त्याच्यासाठी हे दोन प्रश्न होते. मला तो एकच वाटतो. शाळा कुठली याचं उत्तर ठरलं की गाडी, कर्जाचा हप्ता, सकाळी कुणी किती वाजता उठायचं, पोरगं संध्याकाळी खेळणार की पेंगणार, हे सगळं आपोआप ठरून जातं. आणि या प्रश्नाला आपल्याकडं पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात पुण्यातूनच करावी लागते. १ जानेवारी १८४८ ला बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शाळेत चालत जात, वाटेत लोक शेण-चिखल फेकत आणि त्या एक जादा लुगडं सोबत ठेवत, ही गोष्ट आपण सगळे तिसरी-चौथीपासून ऐकत आलोय. ती आपण धैर्याची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण एकदा ती रस्त्याची गोष्ट म्हणूनही वाचून बघा. शाळा उघडून भागत नाही, शाळेपर्यंतची वाटही मोकळी असावी लागते, हे महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं ते त्या वाटेवर.

पुढचं कमी लोकांना माहीत असतं. १८५१ मध्ये बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, त्याच वर्षी रास्ता पेठेत निघाली, १८५२ मध्ये वेताळ पेठेत. तेव्हाचं पुणं केवढं? या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस चालत तासाभरात आरामात जाईल. तरी वेगवेगळ्या पेठांत शाळा का? माझा अंदाज साधा आहे. ज्या काळात मुलीला शाळेत घालणंच मुश्किल, त्या काळात दोन पेठा ओलांडून तिला कोण पाठवणार? म्हणून शाळा मुलीच्या दारापर्यंत न्यावी लागली. याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली.

नंतरची पन्नास-साठ वर्षं ही मागणी वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा आली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्ती करून बघितली आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात लागू केली. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोध करणाऱ्यांत फक्त इंग्रज नव्हते बरं का, आपलेही होते. शेतावर कोण राबणार ही काळजी! कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती आणली आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया.

सक्ती करायची तर शाळा जवळ हवी, हे ओघानं आलंच. पाच मैलांवर शाळा ठेवून आईबापाला दंड कसा करणार? आणि जिथं शाळा जवळ नेणं जमत नव्हतं तिथं उलट उपाय झाला, मूलच शाळेपाशी ठेवायचं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह काढलं ते यासाठीच. खेड्यातला पोरगा रोज वीस मैल चालून येऊ शकत नाही, पण शाळेच्या आवारात राहून, सकाळी शेतात राबून शिकू शकतो. अंतराच्या प्रश्नाला इतकं रोखठोक उत्तर फार कमी लोकांनी दिलं असेल.

आता पुण्याकडं परत येऊ, कारण फोन पुण्यातून आला होता.

विसाव्या शतकातलं पेठांचं पुणं डोळ्यासमोर आणा. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, नूतन मराठी विद्यालय १८८३ चं, हुजूरपागा १८८४ ची. सगळ्या शाळा भर वस्तीत. वाडा, गल्ली, चौक आणि शाळा. मग १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि शहर उठून बाहेर सरकलं. गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. घरं लांब गेली, नावाजलेल्या शाळा पेठेतच राहिल्या. मधले तीन-चार किलोमीटर कशानं भरून काढले? सायकलनं. पुणं सायकलींचं शहर होतं असं आपण हळहळून म्हणतो, पण त्याचं कारण पुणेकरांची तब्येत किंवा पर्यावरणप्रेम नव्हतं. अंतर सायकलला झेपण्याइतकं होतं आणि रस्त्यावर मोटारी कमी होत्या. एवढंच. आठवीत गेलेल्या पोराला वडील सायकल घेऊन देत आणि त्या दिवसापासून त्याची ने-आण करायला कुणी लागत नसे.

हे थोडं ठळकपणे सांगतो, कारण आत्ता चाळिशीत असलेल्या आपल्या पिढीला ते आठवतं. शाळेत जायचा प्रवास हा मुलाचा स्वतःचा वेळ होता. वाटेत बोरं, गोट्या, भांडण, मित्राच्या घरी पाणी. आईवडिलांना त्याचा पत्ता नसायचा, आणि ते कुणाला गैरही वाटत नसे. मुलींना एवढी मोकळीक नव्हती, हे विसरून फक्त गोडवे गायचे नाहीत. तरीही सायकलवरून दप्तर लावून जाणाऱ्या मुलींचे घोळके पुण्यानं इतर शहरांच्या आधी बघितले.

याच काळात दिल्लीत एक अहवाल लिहिला जात होता. १९६४ ते ६६, कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतलं नाव. आयोगानं एक शिफारस केली जी आज वाचली तर धक्का बसतो: शेजारची शाळा. म्हणजे त्या वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंत-गरीब, कुठल्याही जातीधर्माची, एकाच शाळेत. कलेक्टरचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा एका बाकावर. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं समान शाळा पद्धतीचं तत्त्व मान्यही केलं. मान्य केलं आणि ठेवून दिलं.

का ठेवून दिलं? ज्यांनी अंमलबजावणी करायची त्यांची मुलं तेव्हाच दुसऱ्या शाळांत होती. याला पुरावा मागू नका, आपापल्या तालुक्यातल्या अधिकाऱ्यांची मुलं कुठं शिकतात ते बघा.

१९९० नंतरचं सगळ्यांच्या डोळ्यादेखत झालंय, त्यामुळं भराभर सांगतो. विनाअनुदानित शाळा वाढल्या. २००० साली राज्य सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं, म्हणजे इंग्रजीसाठी मराठी शाळा सोडायची गरज कमी व्हायला हवी होती, पण गळती थांबली नाही. २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि शाळा उघडणं सोपं झालं. मोठी शाळा उघडायची तर मोठी जागा लागते, आणि मोठी स्वस्त जागा पेठेत मिळत नाही, शहराच्या कडेला मिळते. म्हणून शाळा हायवेलगत गेल्या. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३. घरं एका कडेला, शाळा दुसऱ्या कडेला, ऑफिस तिसरीकडं हिंजवडीला. २०१८ मध्ये बातमी आली की पुण्यातली नोंदलेली वाहनं शहराच्या लोकसंख्येच्या पुढं गेली. त्यातली किती वाहनं पोरांना शाळेत सोडायला घेतली असतील याचा हिशोब कुणी केलेला नाही.

आता माझ्या त्या मित्राचा हिशोब. स्कूल बसला एका बाजूनं पन्नास मिनिटं. दोन्ही बाजू मिळून शंभर. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. शंभर मिनिटं गुणिले दोनशे दिवस म्हणजे ३३३ तास. आठशे तास शिकण्यासाठी सहा वर्षांच्या पोरीनं तीनशे तेहतीस तास बसमध्ये बसायचं. फी वेगळी, बसची फी वेगळी. मी त्याला हे फोनवरच सांगितलं तर तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण दादा, तिथलं इंग्लिश?"

हा "पण" खोटा नाही, म्हणून मी त्याला झटकून टाकलं नाही. जवळची शाळा फक्त जवळ आहे म्हणून चांगली ठरत नाही. गुरुजी जागेवर नाहीत, मुतारीला दार नाही, दोन वर्गांना एक शिक्षक, अशा शाळेच्या शेजारी राहून काय फायदा? पालक मूर्ख नसतात. ज्या माणसानं स्वतः इंग्रजीपायी मुलाखतीत मान खाली घातलीय तो पोरीसाठी अकरा किलोमीटर जाईलच. पण शाळा बघायला जाताना तो पूल बघतो, स्मार्ट बोर्ड बघतो, आणि वाट बघत नाही. शाळेच्या माहितीपत्रकात वाटेचा फोटो नसतो ना.

इथं एका दुसऱ्या देशाची गोष्ट सांगतो, कारण ती सुरू झाली एका पत्रकारापासून.

नेदरलँड्स. आज सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलांचे व्हिडिओ आपण बघतो आणि म्हणतो, त्यांचं बुवा वेगळंच. वेगळं नव्हतं. युद्धानंतर तिथंही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. त्यातली एक विक लँगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी. शाळेत जाताना. १९७२ मध्ये त्यानं आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता: मुलांची हत्या थांबवा. त्यानं अपघात हा शब्द वापरला नाही, हत्या म्हटलं. त्याच नावानं चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर बसले. ॲमस्टरडॅमच्या एका दाट वस्तीत तर मुलांनीच खेळायला रस्ता मागितला. पुढं १९७३ चं तेलसंकट आलं, सरकारनं रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि लोकांना कळलं की मोटारीशिवायचा रस्ता कसा दिसतो. १९७६ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांसाठी कायदाच झाला: इथं चालणारा आणि खेळणारा पहिला, गाडीनं पावलांच्या वेगानं जायचं.

आणि शाळेची निवड? ती तर तिथं आपल्यापेक्षा जास्त आहे. १९१७ पासून तिथल्या राज्यघटनेनं सरकारी आणि खासगी-धार्मिक शाळांना सारखाच सरकारी पैसा द्यायचं ठरवलं. दोन तृतीयांशांहून जास्त मुलं खासगी संस्थांच्या, पण सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळांत जातात. म्हणजे तिथं निवड आहे, पण ती बहुतेक वेळा घराजवळच्या शाळांतली निवड आहे. ॲमस्टरडॅममध्ये तर नियम आहे की मुलाला घराजवळच्या आठ शाळांमध्ये प्राधान्य. आठातली कुठलीही घ्या. तिथंही गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि स्थलांतरितांच्या वेगळ्या होत गेल्या, भांडणं आहेत, सगळं आलबेल नाही. पण निवडीचा अर्थ लांब जाणं असा होत नाही. आपल्याकडं मात्र चांगलं म्हणजे लांब, असं समीकरण बसलंय.

आपल्या कायद्यातही अंतर आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, ही सरकारची जबाबदारी. शिवाय खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना. म्हणजे जे. पी. नाईकांच्या शेजारच्या शाळेचा एक चतुर्थांश तुकडा.

मग ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलला. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांची अट नाही. बघा गंमत. जो एक किलोमीटर सरकारवर जबाबदारी टाकायला लिहिला होता, तोच एक किलोमीटर खासगी शाळेची जबाबदारी उतरवायला वापरला. पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. निकाल योग्यच होता असं माझं मत आहे. पण त्या सगळ्या गदारोळात सरकारी बाजूनं कुणी असं म्हणालं नाही की आम्ही ती एक किलोमीटरमधली शाळा इतकी चांगली करू की तुम्हालाच दुसरीकडं जावंसं वाटणार नाही. तसं म्हणाले असते तर मी त्यांच्या बाजूनं लिहिलं असतं.

उलट २०२३ मध्ये समूह शाळांची टूम निघाली होती. वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून जास्त शाळा राज्यात आहेत, त्या एकत्र करायच्या, पोरांना बसनं न्यायचं. पानशेत आणि तोरणमाळ ही नमुन्याची उदाहरणं सांगितली गेली. पानशेतचं नाव या कहाणीत असं दुसऱ्यांदा येतं. तीन पोरांच्या शाळेत मूल एकलकोंडं होतं हे खरं आहे. पण वाडीवरची शाळा गेली की कोण घरी बसतं? पोरगी. मोठा भाऊ मोटारसायकलवरून जाईल, तिला कोण नेणार? वेताळ पेठेतली शाळा आठवा.

महाराष्ट्राचं एक गोष्टीसाठी कौतुक करायलाच हवं. मोटारीशिवाय शाळा गाठायची सोय सरकारनं कुणासाठी केली असेल तर ती खेड्यातल्या मुलींसाठी. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास. मानव विकास कार्यक्रमातल्या मागास १२५ तालुक्यांमधल्या मुलींच्या निळ्या बस आणि आठवीपासूनच्या मुलींना सायकली. सकाळी साडेनवाला आपल्या स्टँडवर उभे राहा, किती पोरी एसटीतून उतरतात मोजा. या मुली शहरातल्या भाषेत "कार-फ्री" जगतात, त्यांना ते माहीत नाही इतकंच. आणि एसटीचा संप लांबला तेव्हा सगळ्यात आधी कुणाची शाळा बुडाली, हेही त्यांनाच विचारा.

पुण्यानंही अधूनमधून आठवण काढली. २००६ मध्ये बीआरटी सुरू झाली. २०१७ मध्ये आठशे किलोमीटरहून जास्त सायकल मार्गांचा आराखडा मंजूर झाला, त्यातला बराचसा कागदावर राहिला. भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोन वर्षांत भंगारात दिसायला लागल्या. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. हुजूरपागा याच लक्ष्मी रस्त्यावर आहे. वर्षातला एक दिवस.

मित्राचं काय झालं विचाराल. त्यानं जवळची शाळा घेतली. सीबीएसईच्या फीतले वाचलेले पैसे इंग्रजीच्या पुस्तकांना आणि एका चांगल्या शिकवणीला. बायको पहिला महिना नाराज होती. पोरगी आजोबांबरोबर चालत जाते, वाटेत दोन चौक ओलांडावे लागतात, त्यातल्या एका चौकात सिग्नल चालू नसतो. त्यासाठी त्यानं वॉर्ड ऑफिसला तीन अर्ज केलेत. दहावीला ती पोरगी कुठं असेल हे मला ठाऊक नाही, त्यालाही नाही.

आता आपल्या गावाचं. इथं कुठल्याही वॉर्डातून नगरपालिकेची एक तरी शाळा चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे, मी स्वतः चालून बघितलंय. तरी सकाळी साडेसातला बायपासकडं व्हॅनची रांग. एका व्हॅनमध्ये किती पोरं कोंबलेली असतात ते सगळ्यांना दिसतं, पोलिसांनाही. राज्यात स्कूल बसची नियमावली २०११ पासून आहे. नववी-दहावीची पोरं क्लासला स्कूटी घेऊन येतात, आणि २०१९ च्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलानं गाडीखाली कुणाला घेतलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे निम्म्या पालकांना माहीत नाही.

मुलींच्या शाळेसमोरचा रस्ता सकाळी अर्धा तास आणि सुटताना अर्धा तास गाड्यांना बंद ठेवावा, असा अर्ज काही पालकांनी मुख्याधिकाऱ्यांकडं दिलाय. त्यावर एकेचाळीस सह्या आहेत. दुकानदारांचा विरोध आहे, दोन नगरसेवकांचा पाठिंबा आहे, बाकीचे अंदाज घेतायत. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. सभा सकाळी अकराला असते आणि प्रेक्षकांच्या बाकावर बसायला कुणालाही परवानगी लागत नाही.